सुईवाचून संधान

शस्त्रवैद्याच्या हातातील सुई कितीही उपकारक असली तरी तिच्या उपकारात थोडा अपकार मिसळलेला असतोच. कारण एक जखम मिटवण्यासाठी तिला त्या जखमेच्या दोन्ही काठांवर आणखी कितीतरी लहान जखमा कराव्या लागतात, आणि जेथे मांस दृढ व तंतुमय आहे तेथे हा व्यवहार शरीराला परवडत असला, तरी जेथे ते मऊ, ओले आणि रक्ताने तुडुंब आहे तेथे तो जिवावर बेततो. त्वचा टाका धरते, स्नायूंवरील पांढरे आवरण धरते, निष्णात हाताने घातलेला टाका आतडेही धरते. परंतु यकृत, प्लीहा आणि फुप्फुस या अवयवांत दोरा ओढून गाठ मारू जावे तो तोच दोरा आतील ऊती कापीत जातो, आणि सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून रक्त, व फुप्फुस असल्यास हवा, नव्याने झिरपू लागते. अपघातात पोटाला मार बसून ज्याचे यकृत खोलवर फाटले आहे अशा रोग्याच्या बाबतीत शल्यविशारदांना पुष्कळदा टाक्यांचा नाद सोडून कापडाच्या घड्या यकृताभोवती दाबून बसवाव्या लागतात आणि त्या काढण्यासाठी एकदोन दिवसांनी पोट पुन्हा उघडावे लागते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला जखम चिकटवून बंद करण्याची कल्पना केवळ सोयीची वाटणार नाही; ती प्राणरक्षणाची बाब आहे.

सुईची ही मर्यादा आपल्याकडील प्राचीन आचार्यांच्या ध्यानात आली नव्हती असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, सीवनकर्माचा जो तपशील आहे त्यात वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी असे टाक्यांचे चार प्रकार सांगितले आहेत, दोऱ्यासाठी अश्मंतकाच्या सालीपासून स्नायू व केसांपर्यंतची द्रव्ये नोंदली आहेत, आणि त्याच ओघात टाके फार दूर घातले तर वेदना होते व फार जवळ घातले तर व्रणाचे ओठच फाटतात, असा स्पष्ट इशाराही दिला आहे. आतड्याच्या छिद्राची गोष्ट निघते तेव्हा तर हा ग्रंथकार सुई बाजूला ठेवतो आणि काळ्या मोठ्या मुंग्यांकडून छिद्राचे काठ चाववून घेऊन त्यांची धडे तोडून टाकावीत, डोकी तशीच राहू द्यावीत, अशी तजवीज सांगतो. नाजूक अवयवाला सुई लावण्याचा संकोच त्या काळापासूनचा आहे.

याच संदर्भात पुण्याचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या एका माणसाची हकीकत छापून आली. तो इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले, आणि मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. या हकीकतीच्या आधारे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तसेच नाक करून दाखवले, हे प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात सर्वत्र सांगितले जाते; परंतु मूळ वृत्तांतातील एका बारकाव्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. कातडीचे काठ खाचेत बसवल्यावर त्या कारागिराने पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरला, अशा पाचसहा पट्ट्या एकीवर एक ठेवल्या, आणि चार दिवसपर्यंत या काथाखेरीज दुसरा कोणताही लेप वा उपचार त्या जागी केला नाही. खैराच्या लाकडातून निघणाऱ्या त्या काथाने संधान धरून ठेवले होते. काथातील टॅनिन प्रथिनांना बांधून घट्ट करते, आणि त्यातील कॅटेचिनमध्ये जो कॅटेचॉल नावाचा रासायनिक गट असतो, तोच गट समुद्राच्या लाटांत खडकाला धरून राहणाऱ्या शिंपल्यांच्या चिकट तंतूंतही आढळतो, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने दाखवून दिले. ओल्या जागी चिकटणारे द्रव्य बनवू पाहणारे आजचे अनेक रसायनज्ञ याच गटाच्या मागे लागलेले आहेत. पुण्याच्या त्या अनाम कारागिराचा हात किती योग्य द्रव्यावर पडला होता, हे पाहून मन आदराने भरून येते.

आधुनिक काळात जखमेसाठी जी चिकटद्रव्ये आली त्यांचे सामान्यतः दोन वंश आहेत. पहिला वंश रक्तातूनच घेतलेला. रक्त गोठताना फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून फायब्रिनची जाळी तयार होते, तीच क्रिया बाहेरून घडवून आणावी या विचाराने १९४४ साली अमेरिकेत फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन एकत्र करून त्वचारोपणात वापरण्यात आले. पुढे अनेकांच्या रक्ताच्या मिश्रणातून काविळीचा संसर्ग होण्याच्या भीतीने तेथे त्यावर निर्बंध आले, आणि १९९८ मध्ये शुद्धीकरणाच्या नव्या पद्धतींनंतर त्याला पुन्हा मुभा मिळाली. हे द्रव्य शरीराला मानवते, पण त्याची पकड दुबळी आहे. दुसरा वंश सायनोॲक्रिलेटचा. ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर हा १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमपट्टीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना त्याच्या हाती हे दिसेल त्याला चिकटणारे द्रव्य आले, १९५८ मध्ये ते बाजारात आले, व्हिएतनामच्या युद्धात रक्तस्राव थांबवण्यासाठी ते फवारण्यात आले, आणि १९९८ मध्ये त्याच्या एका सौम्य प्रकाराला अमेरिकेत त्वचेसाठी परवानगी मिळाली. आपल्या घरोघरी मोडक्या वस्तू जोडायला आणतात तो फेविक्विक याच कुळातला आहे, आणि तो जखमेवर कदापि लावू नये, हे येथेच सांगून ठेवणे मला अगत्याचे वाटते. कारण हे द्रव्य ओलावा लागताच क्षणात घट्ट होते, घट्ट होताना उष्णता सोडते, घट्ट झाल्यावर ठिसूळ बनते, आणि त्याचे लहान रेणूंचे प्रकार विघटन पावताना फॉर्माल्डिहाइडसारखे घातक पदार्थ देतात. वैद्यकीय प्रकारात या दोषांचा बराच बंदोबस्त केलेला असला, तरी त्याचा अंमल मुख्यत्वे त्वचेच्या पृष्ठभागापुरता राहिला आहे.

या दोन्ही वंशांत एक समान गृहीतक आहे. चिकटवणे म्हणजे दोन पृष्ठभागांच्या मध्ये तिसरा पदार्थ ओतायचा, तो तेथे रासायनिक क्रियेने घट्ट व्हायचा, आणि त्याने दोन्ही बाजूंना धरून ठेवायचे. पॅरिसमध्ये भौतिकी आणि औद्योगिक रसायनशास्त्राचे जे उच्च विद्यालय आहे, जेथे क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला आणि जेथे पॉलिमरच्या साखळ्या पृष्ठभागाशी कशा वागतात याचा गाढ अभ्यास करणारे नोबेल पारितोषिक विजेते पिएर-जिल द जेन दीर्घकाळ संचालक होते, त्या विद्यालयात काम करणारे पोलंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ लुडविक लाइब्लर यांनी नेमके हेच गृहीतक सोडून दिले. २०१३ च्या डिसेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या गटाच्या निबंधात मांडलेला विचार इतका सरळ आहे की तो आधी कोणाला का सुचला नाही याचे नवल वाटावे: शरीरातील ऊती किंवा प्रयोगशाळेतील जेल यांच्या आत लांब रेणूंच्या साखळ्या मुळातच आहेत, त्या एखाद्या पृष्ठभागाला बिलगायला तयारही आहेत, तेव्हा बाहेरून नवी साखळी घालण्याऐवजी त्यांना बिलगण्यासाठी केवळ पृष्ठभाग पुरवला तर काय होईल?

हा पृष्ठभाग पुरवण्याचे काम नॅनोकण करतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, रक्तातील तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, आणि या प्रयोगांत वापरलेले सिलिकाचे, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची बनते त्या द्रव्याचे, गोल कण सुमारे तीस नॅनोमीटर व्यासाचे होते. इतक्या लहानपणाचे प्रयोजन काय, ते एका हिशेबाने स्पष्ट होते. एक ग्रॅम सिलिकाची एकच गोळी केली तर तिचा पृष्ठभाग जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच एका ग्रॅमचे तीस नॅनोमीटरचे कण केले तर सर्व कणांचा मिळून पृष्ठभाग नव्वद चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे साडेनऊशे चौरस फुटांच्या घरात जातो. पाण्यात तरंगणाऱ्या अशा कणांचा एक थेंब जखमेच्या काठावर पसरवला की एकेका कणाला दोन्ही बाजूंच्या साखळ्या अनेक ठिकाणी बिलगतात आणि तो कण दोन काठांमधला दुवा बनून जातो. कण लहान असल्यामुळे साखळ्यांच्या जाळ्याशी त्याचे माप जुळते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

आता कोणी विचारील की असे बिलगणे कितीसे बळकट असणार. आणि शंका रास्त आहे, कारण एका साखळीचा एका कणाशी असलेला एकेक संबंध खरोखरच क्षीण असतो, त्यात सायनोॲक्रिलेटसारखा पक्का रासायनिक बंध नसतो. पण या पद्धतीचे सारे सामर्थ्य त्या क्षीणपणाच्या बाहुल्यात साठवलेले आहे. जोडावर ताण आला की काही संबंध सुटतात, सुटताना ताणाची ऊर्जा खर्ची पडते, आणि सुटलेली साखळी शेजारच्या मोकळ्या जागी पुन्हा बिलगते. दोरावरून चढणाऱ्याचा एक हात सुटतो तेव्हा दुसऱ्याने दोर धरलेला असतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून ताणाखाली जोड एकदम तडकत नाही, तो आपली रचना बदलत टिकून राहतो. आणि लाइब्लर यांच्या प्रयोगांत जोर वाढवत नेला तेव्हा पुष्कळदा जेल जोडापासून दूर, स्वतःच्या अंगात फाटले, जोड मात्र शाबूत राहिला. पाण्यात बुडवून जेल फुगवले तरी तो सुटला नाही. वासराच्या यकृताचे दोन तुकडे अशाच एका थेंबाने, अर्ध्या मिनिटाच्या आसपास बोटांनी दाबून धरून, जोडण्यात आले. उष्णता नाही, प्रकाशाचा झोत नाही, सुकण्याची प्रतीक्षा नाही, दोन द्रव्ये मोजून मिसळण्याचा खटाटोप नाही; आणि या नकारांची यादी शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसाला किती दिलासा देणारी आहे हे तोच जाणतो.

पुढची पायरी जिवंत प्राण्याची होती. पॅरिसच्या बिशा रुग्णालयातील दिदिए लतूरनर यांच्या गटाच्या सहकार्याने केलेले उंदरांवरील प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठीवरची खोल जखम कुंचल्याने द्राव लावून व काठ दाबून एखाद्या मिनिटात बंद झाली, दाह किंवा ऊतींचा नाश न होता भरून आली, आणि मागे राहिलेला वण जवळजवळ दिसेनासा होता. वृत्तपत्रांनी या वणाचाच अधिक गाजावाजा केला. माझ्या दृष्टीने त्या निबंधाचा गाभा त्यापुढील प्रयोगांत आहे. यकृतावर खोल चीर देऊन जोराचा रक्तस्राव सुरू असताना द्राव पसरला व दोन्ही कडा दाबून धरल्या, तेव्हा रक्त थांबले. यकृताचा एक खंड छेदून टाकल्यावर उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर नॅनोकणांचा लेप दिलेला पातळ पापुद्रा चिकटवला, तेव्हाही रक्त थांबले. दोन्ही प्रसंगी अवयवाचे कार्य अबाधित राहिले आणि प्राणी जगले. याखेरीज धडधडत्या हृदयावर, जेथे एकही क्षण स्थैर्य नाही, तेथे शरीरात विरघळून जाणारा एक पापुद्रा त्यांनी चिकटवून दाखवला; हृदयाला पेशी पोहोचवण्याच्या उपचारात अशा पापुद्र्यांचा उपयोग होतो आणि ते हृदयाला शिवणे ही मोठी अडचण असते. या प्रयोगांत सिलिकाबरोबर लोहाच्या ऑक्साइडचे कणही यशस्वी ठरले.

त्यानंतर ही कल्पना अनेक देशांत रुजली. दक्षिण कोरियात सोलच्या विद्यापीठातील ह्योन तेग्वान यांच्या गटाने २०१७ मध्ये टँटलम ऑक्साइडचा गाभा व वर सिलिकाचे कवच असलेले कण केले. ते ऊती चिकटवतात, शिवाय टँटलम जड धातू असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतात, त्यामुळे चिकटवलेली जागा नंतर शोधता येते. स्वित्झर्लंडमध्ये इंगे हेरमान यांच्या गटाने ज्वालेच्या फवाऱ्यातून बनवलेले जैवकाच आणि सेरियम ऑक्साइडचे कण तपासले, ज्यांत चिकटवण्याबरोबर रक्त गोठवण्याचा गुणही आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात कौशल रेगे यांच्या गटाने निराळा मार्ग धरला: सोन्याचे नॅनोदंड रेशमाच्या प्रथिनात घालून त्यांवर लेझरचा अवरक्त प्रकाश सोडायचा, म्हणजे दंड तापतात आणि प्रथिन जखमेच्या काठाशी एकजीव होते. येथे उष्णता पुन्हा आली आहे, हे खरे. पण ती जेथे हवी तेथेच निर्माण होते.

इतके झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो दुय्यम समजण्याची चूक कोणी करू नये. जखम भरली, आता ते कण कोठे जातात? दोरा काढता येतो किंवा विरघळतो. नॅनोकण काढता येत नाहीत. त्यांतले काही जागीच राहतात, काहींना भक्षक पेशी गिळतात, काही रक्तात उतरून यकृतात व प्लीहेत जमा होतात. सिलिका म्हटली की खडी फोडणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा रोग डोळ्यांपुढे येतो, आणि तो येणे योग्यच आहे. परंतु तो रोग स्फटिकरूप सिलिकाच्या श्वासावाटे गेलेल्या धुळीने होतो, आणि येथील कण अस्फटिक असून ते शरीरात हळूहळू सिलिसिक आम्लाच्या रूपाने विरघळतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. अतिसूक्ष्म सिलिकाकण माणसाच्या शरीरात सोडून त्यांचा मागोवा घेण्याची एक छोटी चाचणी अमेरिकेत कर्करोगाच्या रोग्यांवर झालेली आहे व तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. पण ते कण दहा नॅनोमीटरहूनही लहान होते आणि मात्रा अल्प होती, म्हणून तो पुरावा जखमेत ओतलेल्या तीस नॅनोमीटरच्या कणांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. लोहाचे कण शरीराच्या लोहसाठ्यात सामावले जातात, आणि तसे कण एमआरआयसाठी रोग्यांच्या शिरेतून पूर्वी दिलेही गेले आहेत. उलट लाइब्लर यांच्या पहिल्या निबंधात चिकटवण्यासाठी यशस्वी ठरलेल्या कार्बनच्या नॅनोनळ्यांविषयी मला कोणतीही आशा बाळगवत नाही. लांब नळ्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखा विकार सुरू केल्याचे २००८ मध्येच दिसून आले आहे. केवळ चिकटते म्हणून कोणताही कण पोटात घालण्याची परवानगी मिळता कामा नये, आणि ही रुजुवात रोग्याच्या शरीरात नंतर न करता प्रयोगशाळेत आधी झाली पाहिजे.

आपल्या देशात या कामासाठी कागदोपत्री चौकट आता तयार आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत, आणि जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व केंद्रीय औषध नियंत्रण संघटना यांनी मिळून नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. त्यांत कणांचे माप, त्यांचा शरीरातील प्रवास आणि साठा यांची तपासणी मागितलेली आहे. सिलिकाचा द्राव ही दुर्मिळ वस्तू नाही. कागदाच्या व ओतकामाच्या कारखान्यांत ती वर्षानुवर्षे वापरात आहे, आणि वैद्यकीय शुद्धतेचा खर्च धरला तरी ती रक्तापासून काढलेल्या प्रथिनांहून स्वस्त पडावी असे मानायला जागा आहे. रस्त्यावरील अपघातांनी भरलेल्या आपल्या सरकारी इस्पितळांना या फरकाची किंमत कळेल.

मात्र सुरुवात अपघाताच्या रोग्यापासून होऊ नये, कारण त्या घाईत तुलना करता येत नाही. माझ्या मते या द्रव्याची मानवी परीक्षा यकृताचा रोगग्रस्त भाग काढून टाकण्याच्या आधी ठरवलेल्या शस्त्रक्रियेत घेतली जावी. तेथे छेदलेला पृष्ठभाग शल्यविशारदाच्या डोळ्यांसमोर असतो, रक्त न थांबल्यास विद्युतदाहकापासून फायब्रिनपर्यंतची सर्व साधने हाताशी असतात, रोग्याला आधी सर्व समजावून त्याची लेखी संमती घेता येते, आणि लोहाचे कण वापरले तर महिन्यानंतर, सहा महिन्यांनंतर, वर्षानंतर एमआरआय करून त्यांतले किती कमी झाले हे पाहता येते.